फॉर्मॅट मारायच्या आधी घड्याळ लावा

पीसी स्लो झाला की नागपुरात पहिला सल्ला ठरलेला आहे, 'फॉर्मॅट मार'. पानठेल्यावर उभं राहून नुसतं म्हणा की कॉम्प्युटर चालू व्हायलाच खूप वेळ घेऊन राहिला, बाजूला खर्रा घोटत उभा असलेला अनोळखी माणूसही फॉर्मॅटच सांगेल. दुसरा सल्ला त्याच्या पोट्ट्याकडून येतो, रन उघडा, टेम्प टाका, मग पर्सेंट टेम्प पर्सेंट, मग प्रीफेच, तिन्ही फोल्डर रिकामे करा, आणि वरून डेस्कटॉपवर राइट क्लिक करून पाच-सहा वेळा रिफ्रेश मारा. रिफ्रेशनं डेस्कटॉपवरचे आयकॉन पुन्हा काढले जातात, बाकी काही म्हणजे काही होत नाही, पण बोटाला सवय लागली आहे त्याला कोण काय करणार.

फॉर्मॅटचा मला राग यासाठी येतो की त्यानं थोडे दिवस खरंच बरं वाटतं. सगळं पुसल्यावर सोबत चालू होणारा कचरा पण जातो ना. मग प्रिंटर टाकला, अँटिव्हायरस टाकला, दुरून पीसी चालवायचं रिमोटचं काहीतरी टाकलं, की पहिले पाढे पंचावन्न, आणि मधल्या मध्ये कोणाच्या तरी बारशाचे फोटो गेलेले असतात ते वेगळंच. पीसी चालू व्हायला वेळ लागतो म्हणजे नेमका कुठं लागतो, हे कोणी पाह्यलेलंच नसतं. बटण दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत तीन वेगवेगळ्या गोष्टी होतात, तिन्हीचे आजार वेगळे आणि इलाजही वेगळे.

माझ्या मामाचं सिव्हिल लाइन्सला कोर्टाच्या बाजूला टायपिंगचं छोटं दुकान आहे. प्रतिज्ञापत्र, वकालतनामा, भाड्याचा करार, दिवसभर हेच. कोर्ट सुरू व्हायच्या आधीचा जो पाऊण-एक तास असतो तोच धंद्याचा, आणि नेमका तेव्हाच याचा पीसी गोल गोल फिरवत बसायचा. मशीन म्हणाल तर चौथ्या पिढीचा आय थ्री, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क, विंडोज टेन. म्हणजे अशी मशीन तुमच्याही कोणाच्या तरी दुकानात असणारच, म्हणून तिचंच उदाहरण घेतो.

फोनमधलं स्टॉपवॉच घेतलं आणि तीन लॅप मोजले. पहिला लॅप बटण दाबल्यापासून विंडोजचा लोगो दिसेपर्यंत, दुसरा लोगोपासून डेस्कटॉप दिसेपर्यंत, आणि तिसरा डेस्कटॉप दिसल्यापासून वर्ड उघडून पहिलं अक्षर उमटेपर्यंत. पहिला निघाला चाळीस सेकंदांच्या आसपास, दुसरा दीड मिनिट, आणि तिसरा चार मिनिटांच्या वर! गंमत म्हणजे मामाला विचारलं तर तो म्हणे चालू व्हायला दोनच मिनिटं लागतात, चालू झाल्यावर हँग होते. हे पाहा, लोकांच्या हिशोबात डेस्कटॉप दिसला म्हणजे पीसी चालू झाला, त्यापुढचं सगळं हँग. कॅबिनेटवर तो एक छोटा लाल दिवा असतो ना, हार्ड डिस्कचा, त्याच्याकडे पाहा, तो सलग पेटलेला आहे म्हणजे मशीन अजून चालूच होऊन राहिली आहे, हँग वगैरे काही नाही. तो मधून मधून लुकलुकायला लागला की मग म्हणा चालू झाली.

स्टॉपवॉचचा कंटाळा असेल तर विंडोज स्वतःच ही नोंद ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडायचं, ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नोस्टिक्स परफॉर्मन्स, ऑपरेशनल, असं खोल खोल जायचं, तिथं १०० नंबरच्या नोंदीत बूटला, म्हणजे चालू व्हायला, लागलेला वेळ मिलिसेकंदात लिहिलेला असतो. डेस्कटॉपपर्यंतचा वेगळा आणि त्यानंतरचा वेगळा, दोन्ही. १०१ नंबरला कोणत्या प्रोग्रामनं उशीर केला, १०२ ला कोणत्या ड्रायव्हरनं, म्हणजे प्रिंटरसारखी यंत्रं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरनं, १०३ ला कोणत्या सर्व्हिसनं, म्हणजे मागं गुपचूप चालणाऱ्या प्रोग्रामनं. एवढं चांगलं बाड तिथं पडून आहे आणि आपण रिफ्रेश मारून राहिलो.

आता पहिला लॅप. या चाळीस सेकंदांशी विंडोजचा काही संबंध नाही, हा बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी मदरबोर्डवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा, वेळ आहे, त्यामुळे इथं शंभर वेळा फॉर्मॅट मारला तरी एक सेकंद कमी होणार नाही. नवीन मदरबोर्ड असेल तर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये वर कोपऱ्यात लास्ट बायोस टाइम म्हणून आकडा दिसतो, जुन्या पद्धतीनं बूट होणाऱ्या मशीनवर तो दिसत नाही. मामाच्या बायोसमध्ये बूट ऑर्डर अशी होती की आधी डीव्हीडी, मग यूएसबी, मग नेटवर्क, आणि सगळ्यात शेवटी बिचारी हार्ड डिस्क. डीव्हीडी ड्राइव्ह तर कधीचा मेलेला, पण केबल लागलेली, म्हणून बायोस दरवेळी त्याची वाट पाहत बसायचा. त्यात गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह मागं तसेच खोचलेले, मराठी फॉन्टच्या जुन्या सॉफ्टवेअरचं डोंगल म्हणजे ती खोचून ठेवायची चावी, कार्ड रीडर, सगळं एकेक तपासून मग पुढं. डीव्हीडीची केबल काढली, हार्ड डिस्क पहिल्या नंबरवर आणली, नेटवर्क बूट बंद केलं, बायोसमध्ये फास्ट बूट होतं ते चालू केलं. एक रुपया खर्च नाही आणि लॅप अर्ध्यावर आला.

आणि एक, बटण सेल. मदरबोर्डवर तो गोल चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. तो संपला की पीसी बंद असताना तारीख-वेळ राहत नाही आणि बायोसची सेटिंगही उडते, म्हणजे वर सांगितलेलं सगळं केलं तरी दुसऱ्या दिवशी जैसे थे. सकाळी काळ्या स्क्रीनवर 'एफ वन दाबा' असा मेसेज येतो, माणूस रोज एफ वन दाबतो आणि कामाला लागतो, कोणाला त्यात वावगं वाटत नाही. मग तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षाची एक जानेवारी झालेली असते, त्यामुळे ब्राउझरला वेबसाइटचं सर्टिफिकेट चुकीचं वाटतं, सरकारी पोर्टल उघडत नाही, आणि शिव्या कोणाला, तर इंटरनेटवाल्याला. सेल कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळतो, प्लेटभर तर्री पोह्याच्या पैशात काम होतं. पीसी बंद करून भिंतीवरच्या बोर्डातून प्लग काढायचा, सेल बदलायचा, आत जाऊन तारीख लावायची, झालं.

तिसरा लॅप आधी घेतो कारण तोच सगळ्यात मोठा होता. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो, त्यात स्टार्टअप टॅब. तिथं प्रत्येक प्रोग्रामसमोर हाय, मीडियम, लो असं लिहिलेलं असतं, म्हणजे तो चालू होताना मशीनला किती ओढतो ते. मामाची यादी वाचणं म्हणजे त्या दुकानाचा इतिहास वाचणं. दोन प्रिंटरचे शाई दाखवणारे प्रोग्राम, त्यातला एक प्रिंटर भंगारात जाऊन जमाना झालेला. एका जुन्या फोनचं सॉफ्टवेअर, तो फोनही नाही. टोरेंट, आता टायपिंगच्या दुकानात टोरेंट काहून, तर मामेभाऊ सुट्टीत येऊन बसायचा. रिमोटचे दोन. व्हिडिओ कॉलचा एक, लॉकडाऊनमधला. आणि अँटिव्हायरस दोन, एकाची मुदत संपलेली म्हणून तो नुसता 'पैसे भरा, पैसे भरा' करत होता, दुसरा कोणीतरी फुकटचा टाकून दिलेला. दोन अँटिव्हायरस म्हणजे डबल सुरक्षा असं लोकांना वाटतं, प्रत्यक्षात उघडणारी प्रत्येक फाइल दोघं जण तपासतात आणि वर एकमेकांवर पण संशय घेतात. दोन्ही काढले. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आहे, बाहेरचा अँटिव्हायरस निघाला की तो आपोआप जागा घेतो, अशा दुकानाला तेवढा पुरतो हे माझं मत.

स्टार्टअपमधून बंद करणं म्हणजे प्रोग्राम काढून टाकणं नाही हे मात्र सांगून ठेवतो, कारण मामा लगेच घाबरला होता. डिसेबल केलं तरी प्रोग्राम जागेवरच असतो, लागेल तेव्हा उघडायचा.

पण हात आवरता पण आला पाहिजे. काही पोट्टे एमएसकॉन्फिगमध्ये, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या एका खिडकीत, जाऊन सर्व्हिसेसच्या टॅबमध्ये सगळ्यांचीच टिक काढून टाकतात, मग साउंड जातो, नेट जातं. आणि सेतूवाल्यांकडे आधारचं ते अंगठ्याचं मशीन असतं त्याची आरडी सर्व्हिस असते, ती बंद पडली की अंगठाच लागत नाही आणि बाहेर रांग. डिजिटल सिग्नेचरचं टोकन वापरत असाल तर त्याचंही तेच. एमएसकॉन्फिगमध्ये खाली 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस' अशी टिक असते, ती आधी लावायची आणि उरलेल्यांतून ओळखीच्याच गोष्टीला हात लावायचा. लागणारी पण लगेच न लागणारी सर्व्हिस असेल तर तिला ऑटोमॅटिक डिलेड स्टार्ट करून ठेवायचं, मग ती बूट झाल्यावर साधारण दोन मिनिटांनी उठते, तोवर तुमचं पहिलं पान टाइप झालेलं असतं.

एवढं करून चार मिनिटांचा तिसरा लॅप दोनवर आला. दुसरा मात्र दीडचा दीडच. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या रकान्यात शंभर टक्के, आणि बाजूला वेग पाहिला तर सेकंदाला दोन-तीन एमबी. शंभर टक्के बिझी आणि काम दोन एमबीचं, हे कसं काय?

इथं थोडं गणित आहे पण मजेचं आहे. साधी डेस्कटॉपची हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला १२०, एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांच्या थोडं वर. हवा असलेला तुकडा वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंद. त्याआधी सुईला त्या ट्रॅकवर सरकावं लागतं, त्याला आठ-नऊ. एकूण बारा-तेरा मिलिसेकंद एका तुकड्याला, म्हणजे सेकंदाला सत्तर-ऐंशी तुकडे, बस. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर हीच डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या वर देते, पण विंडोज चालू होताना एक मोठी फाइल नसते, हजारो बारीक बारीक फाइली असतात, इथं एक तिथं एक. कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधल्या शिपायाला एकेका कागदासाठी वेगळ्या कपाटाकडे पाठवल्यासारखं आहे, तो दिवसभर पळतो आणि टेबलावर चार कागद येतात. आणि अँटिव्हायरस, प्रिंटर, अपडेट, सगळे एकाच वेळी त्यालाच हाका मारतात.

याला इलाज एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नाहीच. एक तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात येतो. दुकानदार तुम्हाला सांगेल साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्याच केबलवर लागणारी, सेकंदाला पाचशे एमबी, हार्ड डिस्क सव्वाशे, म्हणजे चारपट. चारपट ही सलग वाचण्याची गोष्ट झाली, बूटच्या कामात शंभरपट फरक आहे. म्हणूनच जुन्या बोर्डावर साटा टू पोर्ट असला आणि वेग तीन गिगाबिटवरच अडला तरी काही बिघडत नाही, बारीक फाइलींना तेवढा रस्ता भरपूर होतो. त्याच कारणानं मामासारख्या मशीनला महागडी एनव्हीएमई, म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणारी जास्त वेगाची एसएसडी, घ्यायच्या भानगडीत पडू नका, बहुतेक अशा बोर्डावर तिला जागाच नसते. साधी अडीच इंची साटा, नावाजलेल्या कंपनीची, बिल आणि वॉरंटी घेऊन. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, फिरलात तर अनोळखी नावाच्या फारच स्वस्त पण दिसतील, त्या घेऊ नका. भाव रोज हलतो म्हणून आकडा लिहीत नाही.

लावताना काय केलं ते सांगतो. आधी मामाचं टायपिंगचं सगळं बाड बाहेरच्या डिस्कवर कॉपी, हे झाल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हरला हात नाही. मग जुन्या डिस्कवरून एसएसडीवर क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, कारण मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकायचं म्हणजे ती सीडी शोधा, तो माणूस शोधा. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवायची, दोन्ही सोबत लावल्या तर दोघींची ओळख एकच असते आणि विंडोज त्यातली एक ऑफलाइन टाकतं, मग माणूस गोंधळतो. बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय आहे का तेही आधीच पाहून घ्या, क्लोन केल्यावर तो बदलला तर निळी स्क्रीन येऊ शकते. जुन्या कॅबिनेटमध्ये अडीच इंचाला खाचा नव्हत्या, तर प्लास्टिकच्या पट्टीनं बांधून टाकली, आत हलणारं काही नसल्यामुळे आडवी-उभी कशीही चालते.

नंतरचे लॅप पाहा, पहिला बारा-पंधरा सेकंद, दुसरा वीसच्या आत, तिसरा म्हणजे वर्ड उघडून अक्षर उमटेपर्यंत दहा. मामा काही बोलला नाही, त्यानं पुन्हा बंद करून पुन्हा चालू केला.

बंद करण्यावरून आठवलं. विंडोज आठपासून, म्हणजे २०१२ पासून, शट डाउन केल्यावर पीसी पूर्ण बंद होतच नाही. फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे, त्यात विंडोजचा आतला गाभा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलला जातो. हार्ड डिस्कवाल्यांनी ते चालूच ठेवा, बराच फरक पडतो, आणि रात्री बोर्डावरून मेन स्विच बंद केला तरी चालतं कारण ते रॅममध्ये नाही, डिस्कवर आहे. पण त्यामुळे होतं काय, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या टॅबमध्ये अप टाइम पाहाल तर रोज बंद करूनही तो कितीतरी दिवसांचा दिसतो, आणि अडकलेला ड्रायव्हर तसाच अडकून राहतो. म्हणून काही बिघडलं की शट डाउन करून उपयोग नाही, रीस्टार्ट करा, रीस्टार्टमध्ये सगळं नव्यानं सुरू होतं. नाहीतर शिफ्ट दाबून शट डाउन. ज्यांच्याकडे सोबत लिनक्स आहे त्यांनी फास्ट स्टार्टअप बंदच ठेवलेलं बरं, नाहीतर विंडोजचं पार्टिशन तिकडून नीट उघडत नाही.

आता त्या पोट्ट्याच्या सल्ल्याचं. टेम्प रिकामं केल्यानं जागा मोकळी होते, ठीक आहे, बूटशी फारसं देणंघेणं नाही. प्रीफेच मात्र पुसू नका बाप्पा! २००१ च्या एक्सपीपासून विंडोज त्या फोल्डरमध्ये लिहून ठेवतं की कोणता प्रोग्राम उघडताना कोणत्या फाइली लागतात, म्हणजे पुढच्या वेळी आधीच आणून ठेवता येतात. ते पुसलं की पुढची सुरुवात उलटी हळू होते. एमएसकॉन्फिगमध्ये नंबर ऑफ प्रोसेसर्सवर टिक लावून चार करा हाही असाच एक, टिक नसते तेव्हा विंडोज सगळे कोअर वापरतंच, टिकनं फक्त मर्यादा घातली जाते. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची आतली नोंदवही, साफ करणाऱ्या क्लीनरनं बूटचा वेग वाढत नाही, बिघडू मात्र शकतं. एसएसडी डीफ्रॅग करायची नाही, म्हणजे विखुरलेल्या फाइली सलग लावत बसायचं नाही, विंडोज तिची काळजी ट्रिम नावाच्या सोयीनं आपलं आपण घेतं.

रॅम चारची आठ केली ती नंतर. तिचा फरक बूटमध्ये कमी, ब्राउझरच्या दहा टॅब आणि वर्ड एकत्र उघडल्यावर जास्त, म्हणून पैसे एकाच गोष्टीला असतील तर आधी एसएसडी. रॅम उघडलीच आहे तर तिचे सोनेरी दात खोडरबरानं पुसून घ्या. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे कूलर, आणि दुकानात कूलरची ओली हवा नेमकी कॅबिनेटवर येत असते, त्या हवेत धूळ चिकटते, दातांवर थर बसतो, मग मशीन टूं टूं करते, डिस्प्ले येत नाही, किंवा दोन-तीनदा स्वतःच रीस्टार्ट होऊन मग उठते. मामाचा कूलर फिरवून ठेवायला सांगितला, त्यानं कॅबिनेट सरकवलं. पंख्यातली धूळ तर अशी निघाली की तिची गादी भरता आली असती.

एक गोष्ट उरलीच आहे. विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज इलेव्हनला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणजे चौथ्या पिढीवाले अधिकृतपणे बाहेर. घरगुती पीसीसाठी मायक्रोसॉफ्टनं सिक्युरिटी अपडेटची वाढीव मुदत दिली आहे ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटमध्ये जाऊन नाव नोंदवावं लागतं. लिनक्स मिंट अशा मशीनवर चांगलं पळतं, तिथं सिस्टमडी-ॲनालाइझ ब्लेम अशी कमांड दिली की कोणी किती वेळ खाल्ला याची यादीच समोर येते, पण मामाचं फॉन्टचं सॉफ्टवेअर आणि ते डोंगल तिथं चालणार नाही, सगळा जुना माल त्याच फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. मी मामाला युनिकोडवर, म्हणजे कुठल्याही मशीनवर चालणाऱ्या टायपिंगवर, ये म्हणून सांगून राहिलो, जुन्या मजकुरासाठी कन्व्हर्टर मिळतात. मामा म्हणे ते पाहू नंतर, आधी प्रिंटरचा टोनर संपत आला ते पाह्य.